लेप वाळेपर्यंत

“...आणि मग चीफ इंजिनिअर काय म्हणाले असतील?” जगन्नाथरावांनी विचारलं.

उल्काला ठाऊक होतं. चीफ इंजिनिअर म्हणाले होते, “जगन्नाथराव, तुम्ही होता म्हणून धरण वाचलं.” ऑक्टोबरपासून हे उत्तर तिने नऊ वेळा ऐकलं होतं. आज तर तिच्या अंगावरचा कोटही निघाला नव्हता, आणि बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर वितळत होता.

“काय म्हणाले, बाबा?” तिने विचारलं आणि कपाळाची शीर दाबून धरली.

“डोकं दुखतंय का पुन्हा? या थंडीने माझंही जडच असतं.” त्यांनी कानटोपी काढून टकलावरून हात फिरवला. “तर ऐक, चीफ इंजिनिअर म्हणाले...”

सासरे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. मनाने सोनं, पण तोंडाला विश्रांती माहीत नाही. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, तेव्हापासून नागपूरच्या फ्लॅटमध्ये भिंतींशी बोलायचे. म्हणून उल्काच्या नवऱ्याने, श्रीरंगने, त्यांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेत नेपरव्हिलला आणलं आणि स्वतः मात्र दर सोमवारी विमानाने हर्नडनच्या क्लायंटकडे जायचा, तो गुरुवारी रात्री उगवायचा. बाबा दिवसभर एकटे. बाहेर बर्फ, बोलायला चिटपाखरू नाही. साडेपाचला उल्का दारात दिसली की धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडायचे.

सहाला डोकं ठणकायला लागायचं. आठपर्यंत उलट्या. महिन्यात तीन वेळा ऑफिस बुडलं. कंपनीत रोज कुणाला तरी खोकं भरून घरी पाठवत होते, आणि व्हिसा तर त्या नोकरीवरच टांगलेला. डॉक्टरने स्कॅन केला, तो स्वच्छ निघाला. “घरी गेल्यावर तासभर शांततेत राहा,” एवढंच तो म्हणाला. उल्काला हसावं की रडावं कळेना. बायको गेलेल्या माणसाला गप्प बसा कसं म्हणायचं? तिची जीभ रेटेना.

शुक्रवारी श्रीरंगने हळूच विषय काढला.

“मी बाबांचं तिकीट प्रीपोन करतो. पुढच्या महिन्यातच जाऊ देत.”

“आणि तिथे ते कुणाशी बोलतील?”

“मग तुझ्या डोक्याचं काय करू, यार?”

उल्काला स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सरलामावशी भेटल्या. दोन गल्ल्या पलीकडे मुलीकडे राहायच्या. त्यांनी उल्काची सगळी कहाणी ऐकून घेतली आणि तिला घरी नेऊन वेखंडाची मुळी, सुंठ आणि तळहाताएवढी सहाण हातात ठेवली.

“रोज संध्याकाळी हे दुधात उगाळायचं आणि कपाळभर थापायचं. पण खरी मेख पुढे आहे. लेप वाळेपर्यंत तासभर तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की कपाळ हलतं, लेप तडकतो, आणि तडकला की गुण नाही.”

“खरंच थांबेल का हो डोकं, मावशी?”

“अगं, आमचे हे होते तोवर रोज दिवेलागणीला लेप लागायचा. चाळीस वर्षांचा संसार या मुळीवर झाला माझा.” मावशी हसल्या. लेप कसा लावायचा, तेही त्यांनी नीट समजावून दिलं.

सोमवारी घरी आल्याआल्या उल्का सहाण घेऊन बसली. पहिल्या दिवशी अंदाज चुकला. लेप कपाळाला पुरलाच नाही, पुन्हा उगाळावा लागला. वेखंडाचा उग्र वास घरभर पसरला आणि मग तीन महिन्यांत पहिल्यांदाच संध्याकाळी घरात शांतता झाली. हीटरची घरघर ऐकू आली, कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या. जगन्नाथरावांचं आयुष्य सरकारी नोकरीत गेलेलं, त्यामुळे नियम म्हणजे नियम. त्यांनी अक्षर उच्चारलं नाही.

सहा वाजले. साडेसहा वाजले. नको असलेल्या पाहुण्याची वाट पाहावी तशी उल्का डोकेदुखीची वाट पाहत होती. ती आलीच नाही. उल्काच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते सुखाचं.

जेवताना बाबांनी धरणाची गोष्ट अकराव्यांदा सांगितली. माणूस गोष्ट सांगतो मात्र छान, असं उल्काला पहिल्यांदाच वाटलं.

बुधवारी श्रीरंगचा फोन आला. तो आधी बाबांनी घेतला. “अरे, वेखंड म्हणजे काय चीज आहे! डोकं कसं पिसासारखं हलकं!” असं सुरू करून ते अर्ध्या तासाने थांबले. मग उल्का फोनवर आली.

“तिकिटाला हात लावू नकोस. उलट बाबांच्या सहा महिन्यांच्या एक्स्टेन्शनचा फॉर्म भरू.”

“तू बरी आहेस ना?”

“इतकी बरी मी लग्नातसुद्धा नव्हते.”

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, श्रीरंगला आधीची फ्लाइट मिळाली. सहालाच तो घरी पोचला. दार उघडताच वेखंडाचा वास आला. लेप लावलेल्या बायकोला बोलायला लागू नये म्हणून त्याने बॅग अलगद टेकवली, बूट काढले आणि चवड्यांवर चालत बेडरूममध्ये डोकावला. पलंग रिकामा होता.

उल्का स्वयंपाकघरात होती. गुणगुणत आमटीला फोडणी देत होती. कपाळ लख्ख, त्यावर नुसती टिकली.

“आज लेप नाही लावलास?” त्याने कुजबुजत विचारलं.

तिने ओठांवर बोट ठेवलं आणि पळीने हॉलकडे खूण केली.

आरामखुर्चीत जगन्नाथराव बसले होते. चष्मा मांडीवर, हातांची घडी, आणि भुवयांपासून पार टाळूपर्यंत जाड लेप. मुलाला पाहताच त्यांचा चेहरा फुलला आणि तोंड उघडलं.

“अंहं, बाबा!” उल्का मायेने म्हणाली. “तडकेल. अजून चाळीस मिनिटं.”