मूळ कथा

"आजही हाउसफुल्ल!" भय्यासाहेब चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात आले. "टावर चौकापर्यंत लाइन लागलीय, सुलू. माझ्या कथेला!"

सुलूनं कढीत पळी फिरवली. "चपला," ती म्हणाली.

टॉकीज फ्रीगंज भागातली. घरोघरी केबल आल्यापासून तिथं माणसांपेक्षा कबुतरंच जास्त दिसायची. आणि अचानक हा सिनेमा आला. आधी तेलुगूत लागला तो उतरेचना. मग तमिळमध्ये नव्यानं काढला, कन्नडमध्ये काढला, तिकडंही तीच गर्दी. शेवटी हिंदी आवाज चढवून इकडं आणला, तर भैरवगढच्या कापड छापणाऱ्यांच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून यायला लागल्या. जाताना डोळे पुसत जायच्या.

गोष्ट साधी होती. लग्न न झालेली एक मुलगी सिंहस्थाच्या गर्दीत, नदीच्या घाटावर, आपलं तान्हं बाळ एका यात्रेकरू जोडप्याच्या ओटीत घालते आणि निघून जाते.

हीच गोष्ट भय्यासाहेबांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी लिहिली होती. 'परकी ओटी'. महाराष्ट्र समाजाच्या गणेशोत्सवात तिचा एकच प्रयोग झाला. लोक रडले. पुढं जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, तरी मनातून भय्यासाहेब नाटककारच राहिले.

"पण बाबा, पुरावा काय?" मुलगा यशोधन वकील होता. "संहिता वाळवीनं खाल्ली. प्रयोग पाहिलेले कोण आहेत?"

भय्यासाहेब एकेक नाव घेत गेले. बहुतेक वारले होते. उरलेले मुलांकडे, कुणी पुण्याला, कुणी अमेरिकेत.

"आई तर होती," यशोधन म्हणाला. "आई, बाबांना लिहिताना तू पाहिलंस ना? सांगशील कोर्टात?"

सुलू कपड्यांच्या घड्या करत होती. "मी कशाला कोर्टात जाऊ? चार लोकांना रडू आलं, झालं की. फालतूचा पंगा कशाला?"

"पंगा? चोरी झालीय माझ्या घरात!"

तिनं झालेली घडी मोडून पुन्हा घातली.

भय्यासाहेबांना घरात बसवेना. दुपारी उन्हात टॉकीजबाहेर जाऊन उभे राहायचे, बाहेर पडणारे ओले डोळे बघायचे आणि जास्तच चिडून परत यायचे. सुलूला ते रोज म्हणत, "एकदा बघ तरी. सीनन् सीन माझा आहे." पण सुलूचा कधी गुडघा दुखे, कधी पापड लाटायचे असत.

"तुमचाच असेल," एकदा ती म्हणाली. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

मग पोस्टरवर पट्टी चिकटली. सिल्व्हर जुबिली. सिनेमाची लेखिका वासंती खास हैदराबादहून येणार होती.

भय्यासाहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला. "सगळ्यांसमोर विचारतो तिला."

"जाऊ नका," सुलू म्हणाली.

"का?"

"बिचारी लांबून येतेय."

"चोराला कसली बिचारी म्हणतेस!"

सुलूनं त्यांची बाही धरली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं असं कधी केलं नव्हतं. "भांडणार नाही म्हणा."

"मग तूही चल."

तिनं बाही सोडली. "मला नाही जमायचं." ते फाटकापर्यंत गेले, तेव्हा मागून तिचा आवाज आला. "अहो, ती दिसायला कशी आहे, ते तेवढं सांगा आल्यावर."

बायकांचं आपलं काहीतरी, असं म्हणत भय्यासाहेब रिक्षात बसले.

स्टेजपर्यंत त्यांना कुणी जाऊ दिलं नाही. पण मॅनेजर त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. सत्कार संपल्यावर त्यानं त्यांना ऑफिसात नेलं, 'हमारे मास्टरजी' अशी ओळख करून दिली आणि दार लोटून घेतलं.

वासंती चहा घेत होती. सुती साडी, कानांवर पांढरे होऊ लागलेले केस. सिनेमावाली वाटत नव्हती.

"मॅडम, यह कहानी मेरी है," भय्यासाहेब उभ्यानंच म्हणाले.

ती रागावली नाही. "बैठिए ना. बोलिए."

ते बोलत सुटले. सिंहस्थ, घाट, ते जोडपं, बाळाच्या मनगटातला काळा दोरा. "एक-एक सीन मेरा है! सिर्फ आखिर आपने बदल दिया. बिगाड़ दिया."

"क्या बिगाड़ा?"

"आपकी वाली मुड़कर भी नहीं देखती. मेरी दूसरे दिन तड़के वापस आती है, बच्ची को लेने. दिनभर तंबू-तंबू पूछती फिरती है. मगर वो लोग जा चुके होते हैं."

वासंतीचा कप बशीवर वाजला. भिंतीपलीकडं सिनेमा चालू होता. बायकांचे हुंदके इथपर्यंत ऐकू येत होते.

"मास्टरजी," ती म्हणाली, "मैंने किसी की कहानी नहीं ली. वो बच्ची मैं हूँ."

भय्यासाहेब खुर्चीत बसले.

"मेरे माँ-बाप ने मरने से पहले बताया. जितना उनको मालूम था, उतना मैंने लिखा. वो तो उसी शाम की गाड़ी से निकल गए थे. मैं यही समझती रही, उसने पलटकर नहीं देखा. चार-चार भाषाओं में मैंने उसको पत्थर बना दिया." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुढं वाकली. "वो वापस आई थी, यह बात तो उसके सिवा कोई जान ही नहीं सकता. आपको किसने बताई?"

'मेरी कल्पना है' हे उत्तर भय्यासाहेबांच्या ओठांवर तयार होतं. आजवर सगळ्यांना त्यांनी तेच दिलं होतं. पण आता हिंदी सुचेनाशीच झाली.

"सुलूनं," ते म्हणाले.