वाघाच्या पंजात चुडा

"कुणाला पटणार नाही, पण वाघोबाच्या गोष्टीवरच्या पहिल्या सिनेमातला वाघ मीच!" तात्यांनी नातीपुढे पुन्हा सुरू केलं. वत्सलाआजींनी कपाळाला हात लावला.

"दुसऱ्यातला रंगीत वाघ सर्कशीतला, पेंगुळलेला. हा तिसरा तर कॉम्प्युटरचा. त्याला घाम येतो का? मला त्या कातड्यात घामाचे पाट वाहायचे!"

पाट वाहायचे ते वत्सलाआजींचे. तात्या झुडपामागून शेपटीची दोरी ओढायचे. नव्या सुनेनं वाघ होऊन रांगलेलं सासूबाईंना कळू नये, म्हणून त्या तेव्हा गप्प राहिल्या. सासूबाई जाऊनही वीस वर्षं झाली, पण तात्या काही वाघपण सोडेनात.

तिन्ही सिनेमे ताडून बघणाऱ्या नातीनं मोबाइलवर जुना वाघ मोठा केला.

"तात्या, थापा पुरे! पंजातून लग्नाचा चुडा डोकावतोय. आजी, वाघ तू होतीस!"