रेवाची पट्टी

कुमुदताई नव्या वर्षाची प्रथमोपचार पेटी भरत होत्या. कापूस, चिमटा, मलम, आणि थंड कप्प्यात कातडीच्या जिवंत पट्ट्या, घरातल्या ज्याच्या त्याच्या पेशींपासून वाढवलेल्या, प्रत्येकीवर नाव. कंपनीने यंदा दोनच पाठवल्या होत्या. अशा बाबतीत कंपन्या चुकत नाहीत. तिसरी गेल्या वर्षीची, लेकीची. रेवा श्रावणात गेली. पट्टी अजून ताजी होती.

“तिची मुदत आज संपतेय,” शशिकांत विळीवरून म्हणाले. ते लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते. रेवाला कैरीच्या चिकाने पुरळ उठायचं, तरी तिला दरवर्षी चिरायला बसायचं असायचंच.

“राहू दे. पेटीला काय जड होतेय?”

जन्मभर विळीवर बसलेल्या माणसाचं मनगट विळीला लागत नाही, पण लागलं. कुमुदताईंनी त्यांच्या नावाची पट्टी काढली.

“ती नको. रेवाची लाव.”

“अहो, दुसऱ्याची आठवडाभरच धरते. मग गळून पडते.”

“आठवडा तर आठवडा.”

पट्टी बसली, आणि शशिकांत परत कैऱ्यांकडे वळले. थोड्याच वेळात मनगटावरचा तो दोन बोटांएवढा तुकडा लालबुंद झाला, त्यावर पुरळ उठलं. बाकीच्या हाताला काही झालं नव्हतं.

कुमुदताईंनी मनगट धरून नळाखाली नेलं.

“किती वेळा सांगितलं गं तुला,” त्या पट्टीवर पाणी सोडत म्हणाल्या, “कैऱ्या चिरायला बसू नकोस म्हणून.”

शशिकांतांनी हात मागे घेतला नाही.