दुभाषीचा ‘मी’

“यावर तुमच्यापैकी कोणी विश्वास ठेवणार नाही,” शशिकांत म्हणाला, “पण अमेरिका आणि कॅनडाच्या लाकडाच्या भांडणात कोण जिंकलं, ते माझ्या एका शब्दावर ठरलं.”

चकल्यांचा कुडुमकुडुम आवाज थांबला. जपानमधल्या ओजिमाच्या वसाहतीतल्या हॉलमध्ये दिवाळीचा फराळ चालला होता आणि मघापासून सगळी मंडळी त्याच्या बायकोला, यामिनीला, गराडा घालून उभी होती. कारण मोरी-सान. शिन-किबातल्या लाकूड कंपनीचे हे म्हातारे मालक हातात केकचा खोका घेऊन आले आणि सगळ्यांदेखत यामिनीपुढे कमरेत वाकले. शशिकांत त्याच कंपनीत कित्येक वर्षं झिजत होता. त्याच्यापुढे मोरी-सानांची मान तेवढी हलायची, कंबर नाही. यामिनी तिथे दुभाषी म्हणून कालपरवा लागलेली, तीही अर्धवेळ.

आणि आता तिला व्हँकुव्हरच्या नव्या ऑफिसची प्रमुख म्हणून बोलावणं! घरच्यांची संमती आहे का, एवढंच विचारायला मोरी-सान आले होते. घरचे म्हणजे शशिकांत. तो पंधरवडाभर उत्तर टाळत होता. आज ते चारचौघांत द्यायचं, आणि असं द्यायचं की पुन्हा कोणी विचारणार नाही, असं त्याने चिवडा चिवडताना पक्कं केलं होतं.

“तर झालं काय, अमेरिकेने शेजारच्या कॅनडाच्या लाकडावर आयात शुल्क लादलं. जबर! कॅनडावाले म्हणाले, राहिलं, आम्ही जपानला विकतो. भूकंपानंतर इथे घरं बांधायला लाकूड लागतच होतं. इतके ओंडके पाठवले म्हणता, माणसाने प्रशांत महासागर पायी ओलांडावा. चप्पलसुद्धा भिजायची नाही.”

हशा पिकला. मोरी-सानांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. ते यामिनीकडे झुकून काहीतरी पुटपुटले. तिने हातातली करंजी ताटलीत ठेवली.

“त्यांनाही ऐकायचंय,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुम्ही बोला हो. मी सांगते त्यांना.”

ज्या बैठकीची गोष्ट शशिकांत सांगायला निघाला होता, तिथे मोरी-सान स्वतः हजर होते. पण सगळे माना वर करून बघत होते. आता गप्प बसलं तर शोभा.

“बैठकीत कॅनडावाल्यांनी भाव सांगितला,” तो जरा सावकाश म्हणाला. “मोरी-सान म्हणाले, ‘केंतो शिमासु’. म्हणजे, विचार करतो. कॅनडावाले खूश! सौदा पटला म्हणून एकमेकांच्या पाठी थोपटायला लागले. तेव्हा मी उठलो. म्हटलं, थांबा! हा होकार नव्हे, हे आमच्याकडचं ‘बघू’ आहे. लहानपणी मी सायकल मागितली तेव्हा माझे वडील ‘बघू’ म्हणाले होते. ती सायकल मी घेतली माझ्या पहिल्या पगारातून!”

खरं तर ती सायकलसुद्धा यामिनीची. ‘बघू’ म्हणाले होते ते त्याचे सासरे. आणि त्या दिवशी बैठकीत आपण काय केलं होतं, ते शशिकांतला आठवायचंच नव्हतं.

यामिनीने सगळं जपानीत सांगितलं. सपाट आवाजात, पदरचं काही न घालता. बोलणारा ‘मी’ म्हणाला की दुभाषीनेही ‘मी’च म्हणायचं, ही तिच्या कामाची रीत. ‘वाताशी’, ‘वाताशी’, म्हणजे ‘मी’, ‘मी’, असं अधूनमधून ऐकू येत होतं. जपानी क्रियापदाला बाई-पुरुष कळत नाही. मोरी-सान जोरजोरात मान डोलवू लागले. सायकलीला तर त्यांनी मांडीवर थाप मारली. “सो, सो, सो!” म्हणजे, हो, अगदी बरोबर!

म्हातारा विसरला! शशिकांतला दहा हत्तींचं बळ आलं.

“मग काय! कॅनडावाले मुकाट्याने परत बसले. कमी गाठींचा माल द्यायला तयार झाले, भाव उतरवला. बातमी गेली वॉशिंग्टनला. तिथल्या मंत्र्याला असा ठसका लागला की शेजारच्या खोलीतला कारकून घाबरून शुल्कातलं एक शून्यच टाइप करायला विसरला!”

“काहीही हं, शशिकांतभाऊजी!” नयना हसत ओरडली. ती यामिनीची शेजारीण. यामिनी भाषांतर करत होती, मोरी-सान डोळे पुसत होते. सगळा हॉल आता त्याचा होता. हीच ती वेळ.

“आणि ही!” त्याने बायकोकडे बोट केलं. “दुभाषी म्हणून शेजारी बसलेली माझी बायको. ‘केंतो शिमासु’ ऐकल्याबरोबर हिने टाळ्या वाजवल्या! कॅनडावाल्यांचं अभिनंदनसुद्धा केलं! आता तुम्हीच सांगा, इतक्या भोळ्या बाईला व्हँकुव्हरला कसं धाडू मी?”

कोणी हसलं नाही. “अगंबाई, यामिनी, खरंच?” नयनाने हळूच विचारलं.

यामिनीचं काम अजून संपलं नव्हतं. ती मोरी-सानांकडे वळली आणि त्याच सपाट आवाजात तेवढं वाक्यही सांगून टाकलं. मोरी-सान खदखदून हसले. “सो, सो!”

“एक मिनिट, एक मिनिट!” मागून बाळासाहेब उठले. पुण्याहून मुलाकडे राहायला आलेले हे गृहस्थ वॉर्डाच्या जपानी वर्गाला हौसेने जात, आणि परवाच वर्गात नातीगोती शिकवून झाली होती. “हा शब्द मला येतो! शुजिन! अगं यामिनी, तू आत्ता ‘शुजिन’ म्हणालीस. शुजिन म्हणजे नवरा! टाळ्या नवऱ्याने वाजवल्या म्हणालीस, आणि हे मोरी-सान तर हो म्हणतायत...” बाळासाहेब थांबले. त्यांनी मोरी-सानांकडे पाहिलं, यामिनीकडे पाहिलं, आणि मग चष्मा सारखा करत ते शशिकांतकडे वळले.

“काय रे शशिकांत, मग मघाचं ते ‘मी उठलो’ होतं, की ‘मी उठले’?”