पितळी खिळा

"तुम्ही माझ्या बापाची नाव दाबून बसलात, साहेब!" चिक्कडपल्लीच्या इंदुताई सरकारी भंगाराच्या आवारात कडाडल्या. एकाहत्तरच्या लढाईत सरकारी माणसांनी ती गोदावरीवरून उचलून नेली, राखाडी रंगवली. लढाई सरली, तरी परत दिली नाही; हैदराबादच्या तलावांची खोली मोजायला जुंपली. आज ती तोडायला काढली होती. "अम्मा, आपकीच है, इसका सबूत?" साहेब हसला. "आमच्यात घरच्या लेकीनं पितळी खिळा ठोकल्याशिवाय नवी नाव पाण्यात सोडत नाहीत. मधल्या फळीत माझा खिळा आहे, दाखवते!" पासष्टीच्या इंदुताई कशाबशा नावेत उतरल्या, हातानं गाळ खरवडला. खिळ्याच्या जागी मुठीएवढं भोक होतं. खोली मोजायचं यंत्र तिथंच बसवलं होतं. "कीला नहीं, सबूत नहीं," म्हणत साहेबानं कटरवाल्याला खूण केली. इंदुताई भोकावर हात ठेवून बसल्या. "बोला, हे भोक कुणी पाडलं?"