मधलं चाक

“भाऊजी, लवकर या! हे बोलले!”

वासेमाथाची हाक ऐकून इनोके अंगणातून धावत आत आला. त्याचा थोरला भाऊ आपेनिसा खुर्चीत रोजच्यासारखाच बसला होता. मान कललेली, नजर भलतीकडे. पक्षाघाताचा झटका आल्यापासून ना शब्द, ना खूण. उजवा हात तेवढा टेबलावर सरपटत राहायचा. त्या हालचालीला काही अर्थ नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. त्याला आता काही कळत नाही, असंही. म्हणून उद्याच्या बोटीनं इनोके त्याला राजधानीत, सुवाच्या शुश्रूषागृहात ठेवायला नेणार होता. वासेमाथा काही केल्या सोडायला तयार नव्हती.

आपेनिसा शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. त्याच्या जुन्या लिनक्स मशीनपुढे बसवून माऊसवर हात ठेवला की तो शांत व्हायचा. त्यामुळे ती पेपरही त्याला तिथंच वाचून दाखवायची.

पडद्यावर डावीकडे पेपर होता. उजवीकडे कोरं पान, आणि त्यावर शब्द: ‘सगळे सुखरूप परतले’.

“मी नाही हो लिहिलं! कीबोर्ड तर कपाटात आहे. आपोआप उमटलं. हे बघा, अंगावर काटा आलाय माझ्या.”

इनोके पडद्याजवळ वाकला. मग त्याला पेपरात तीच ओळ रंगलेली दिसली.

“वहिनी, वाचताना ओळीवरून माऊस ओढत नेता ना?”

“हो. म्हणजे ओळ चुकत नाही.”

“तिथंच फसलात. लिनक्समध्ये शब्द नुसते रंगवले तरी कॉपी होतात. मग माऊसचं मधलं चाक दाबलं की जिथं बाण असेल तिथं ते पेस्ट. रंगवलं तुम्ही, चाकावर बोट पडलं दादाचं.”

“काहीतरीच!”

इनोकेनं बाजारभावातले ‘कोंबड्या स्वस्त’ हे शब्द रंगवले, बाण कोऱ्या पानावर नेला आणि भावाचा हात माऊसवर ठेवला. बोट वळवळलं. पानावर उमटलं: ‘कोंबड्या स्वस्त’.

“घ्या! आता दादा काय कोंबड्या विकणार आहे?”

वासेमाथाला हसू फुटलं आणि त्यातच ती रडायला लागली. इनोकेला आपली जीभ हासडून टाकावीशी वाटली.

“न्या त्यांना,” ती म्हणाली. “चुलीवर दालोचा कंद शिजत टाकलाय. तेवढ्यात दोरीवरचे कपडे काढते. भरावे लागतील.”

इनोकेनं पान पुसलं, रंगवलेलं घालवलं आणि तिच्या मागोमाग परसात गेला. शर्टांच्या घड्या घालता घालता ती बोलत राहिली. लग्नातलं, शाळेतलं, यांच्या चिडण्यातलं. कितीतरी वेळ दोघं तिथंच उभे होते.

आत आले तेव्हा पानावर पुन्हा दोन शब्द होते.

“वहिनी, पुन्हा हात लावलात?”

“मी तर तुमच्याबरोबरच होते की!”

इनोकेनं पेपराकडे पाहिलं. उसाच्या मळ्यातल्या आगीच्या बातमीत त्यातला एकच शब्द रंगलेला होता. दुसरा खाली बाजारभावात सापडला. त्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि पान मोठ्यानं वाचलं:

‘दालो जळतोय’.