जिथून आणलं तिथे

आमच्या संस्थेचा नियम साधा आहे. रस्त्यावरचं कुत्रं जिथून उचललं, बरं झालं की तिथेच नेऊन सोडायचं. अकरा वर्षं रविवारची झोप मोडून मी हेच करत आलोय. पण या तांबड्या कुत्रीला तिसऱ्यांदा आणावं लागलं. आधी पाय, मग बरगड्या, या वेळी कपाळ फोडलेलं. गल्ली तीच, मारणारी माणसंही तीच.

जावयाशी पुन्हा वाजलं म्हणून मुलगी चार दिवस घरी आली होती. आज माझ्या मदतीला संस्थेत आली. तिने कुत्रीचं डोकं मांडीवर धरलं आणि मी टाके काढले. तेवढ्यात संस्थेच्या मॅडमचा फोन आला. जखम भरली असेल तर आजच सोडा, पिंजरा मोकळा हवाय.

माझं डोकं फिरलं. "नाही सोडणार. आपण बरं करायचं आणि त्यांनी परत मारायचं, किती दिवस चालवायचं हे? मुकं जनावर तक्रार करत नाही, म्हणून काय त्याच दारात नेऊन टाकायचं? राहील माझ्या घरी."

मी फोन ठेवला. कुत्री मुलीच्या मांडीवर शांत झोपली होती. मुलीने तिच्या कानामागे खाजवलं, मग स्वतःची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

"बाबा," ती म्हणाली, "माझी बॅग भरून झालीय. मला सासरी सोडायला किती वाजता निघायचं?"